सरांना काय चालतं

माणूस काय खातो यावरून त्याची प्रकृती ठरते, पण त्याला काय 'चालतं' यावरून त्याची प्रतिष्ठा ठरते. ज्याला सगळंच चालतं त्याला पाहुण्यांत कोणी विचारत नाही. ज्याला काहीच चालत नाही त्याच्यासाठी मात्र यजमानीण स्वतः बाहेर येते.

खासबागेतले आमचे शेजारी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक चिंतामणी सर, या दुसऱ्या वर्गात वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दाखल झाले. अंगाला खाज, पोटात नगारा. डॉक्टरांनी फर्मावलं, बेचाळीस दिवस गहू बंद, दूध बंद. मधे एक जरी चूक झाली, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

सरांनी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्रेचाळिसाव्या दिवशी निपाणीत त्यांच्या भाचीचं, स्वरालीचं लग्न होतं. पंगतीला मांडे होते. पहिला मांडा मामा आणि भाची अर्धा-अर्धा खाणार, हा करार ती पाच वर्षांची असताना झाला होता. मांड्यात गहू, दूध, तूप आणि खवा असतो (म्हणजे डॉक्टरांच्या यादीतलं एकही नाव वगळलेलं नसतं).

खाण्याच्या कोणत्या पाकिटानं काय प्रतिक्रिया येते याची नोंदवही ठेवायची होती. मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेली असल्यानं ते काम ओघानंच माझ्याकडे आलं. संभाव्य प्रतिक्रियांचे मी तीन प्रकार केले: त्वचेच्या, पोटाच्या आणि शेजारच्या. पहिल्या महिन्यात त्वचेच्या शून्य, पोटाच्या शून्य आणि शेजारच्या एकशे बारा भरल्या. त्यातल्या चौसष्ट "आमच्या आज्यानं जन्मभर चपाती खाल्ली, काय झालं न्हाय" अशा होत्या (आजोबा हयात नसल्यानं पडताळणी होऊ शकली नाही). नऊ जणांनी साबुदाणा सुचवला. एकानं कुंदा सुचवला, कारण तो नुसता दूध आटवून करतात, त्यात गहू नसतो.

कोपऱ्यावरच्या दुकानदार भरमूनं काळाची पावलं ओळखून 'ग्लुटेन फ्री' पाकिटांचा एक कप्पाच केला. गल्लीतल्या मालुबाईंनी त्यातला एक पुडा घेतला आणि काउंटरवरून हलेनात.

"फ्री लिवलंयस न्हवं? मग ग्लुटेन कुठाय? दे की."

"संपलं आक्का," भरमू म्हणाला. "फुडच्या खेपेला देतो."

ग्राहक हक्कांबाबत इतकी जागृती या भागात यापूर्वी आढळलेली नाही.

सदतीस दिवस सर तांदळाची भाकरी खाऊन वाघासारखे राहिले. खाज गेली, नगारा थांबला. अडतिसाव्या दिवशी त्यांना चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवंसं वाटलं. काळ्या चहाबरोबर, अर्थात. ते भरमूकडे गेले. मीही होतो. तांदळाच्या पिठाचं, नारळाचं चित्र असलेलं एक सुंदर बिस्किट होतं. आपल्याकडच्या हजारो वर्षांच्या आहारशास्त्राचा सारांश असलेला प्रश्न सरांनी विचारला.

"भरमू, हे चालतं का रे?"

"लई चालतंय सर! सकाळी आणलेला बॉक्स, दोनच पुडे ऱ्हायलेत बघा."

सरांनी दोन्ही घेतले. भूगोलाच्या शिक्षकानं नकाशा पाहिला, मागची बाजू पाहिली नाही.

तासाभरात नगारा वाजू लागला. सरांच्या पत्नी सुनंदाबाई हातात पाकीट घेऊन आमच्या दारात आल्या. "भावजी, वाचा बघू. मला चष्म्यानंही दिसेना."

मी भिंगातून वाचलं. गहू नव्हता. सातव्या ओळीत 'व्हे पावडर' होती. व्हे म्हणजे दुधाची निवळी. दूध आहे का, या प्रश्नाला पाकिटानं आपल्या बोलीत 'व्हय' असं स्वच्छ उत्तर दिलेलं होतं. ते कोणी विचारलं नव्हतं. भरमूला काय खपतं ते विचारलं होतं, आणि त्यानं खरं सांगितलं होतं. चौकशीअंती कोणीही दोषी आढळलं नाही. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

लग्न पाचव्या दिवसावर आलं.

निपाणीच्या कार्यालयात सरांच्या पानात मांडा पडला. पातळ, घडी घातलेला, खुसखुशीत. आजूबाजूचे बावीस जण एका सुरात म्हणाले, "एकानं काय हुतंय? चालतंय की!" सर त्या मांड्याकडे बघत राहिले. खरं सांगतो, मला त्या माणसाची फार दया आली.

शालू सावरत स्वराली आली. तिनं मांडा मोडला आणि दोन्ही तुकडे आपल्या पानात घेतले.

"मामा, अजून सदतीस दिवस ना? ताजे करून घेऊन येते. तोवर मीपण खाणार न्हाय."

"अगं, तू खा गं," सर म्हणाले. "मी मनात खाल्ला."

तिनं मात्र खाल्ला नाही. मी वहीत नोंद केली: 'पदार्थ: मांडे, मनातले. गहू नाही, दूध नाही. प्रतिक्रिया: दोन्ही डोळ्यांतून पाणी. मोजणी चालू.'

आता तुमचं. हे वाचताना, सरांना हसत हसत, हातातलं जे खाण्याचं पाकीट तुम्ही जवळजवळ संपवलंत, त्याच्या मागची सातवी ओळ वाचलीत का? नाही ना? असू दे. चालतंय की.