चंद्राला पडले सात खड्डे

"चंद्र शिकवायला शिक्षक कशाला हवा? चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या आणि रोज अंगणातून चंद्र बघितला!" शाळेच्या बाईंना असं छातीठोकपणे सांगून डेसने शनिवारी दुपारी नात टिलीला आणि तिच्या वर्गातल्या सहा पोरांना घरी आणलं.

सकाळीच त्याने बायकोला फर्मावलं होतं, "नोरीन, पोरांसाठी पिठाचा चंद्र करून ठेव. दगड टाकून खड्डे पाडायचेत." अंडी फेटता फेटता ती म्हणाली, "टेबलावर ठेवते." पिठाचं ताट तिने ठेवलं व्हरांड्यातल्या टेबलावर. डेस शिरला स्वयंपाकघरात! तिथल्या टेबलावर पांढराशुभ्र, वाटोळा, जरा भेगाळलेला चंद्र तयार!

"आजोबा, याला साखरेचा वास येतोय," टिली म्हणाली.

"मग? तू चंद्रावर जाऊन वास घेऊन आलीस?"

पोरांनी स्टुलावर चढून एकेक दगड सोडला. थड! थड! सात दगड, सात खड्डे! मग चंद्राच्या कला. डेसने पुस्तकातलं चित्र बघून चंद्राच्या डाव्या बाजूवर काळं फडकं टाकलं. "हा वाढता अर्धा चंद्र. उजवी बाजू उजळ."

"खोटं!" टिलीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. भरदुपारी आकाशात अर्धा चंद्र होता आणि उजळ होती डावी बाजू!

डेसने पुस्तक उलटसुलट केलं. उलटं धरताच चित्र बरोबर जुळलं! "अरे, पुस्तक इंग्लंडचं! आपण दक्षिण गोलार्धात, ती माणसं उत्तरेत उलटी उभी राहून बघतात!"

"उलटे ते की आपण?" टिलीने विचारलं.

"अर्थात ते!" डेसने ठणकावलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात साय घेऊन नोरीन आली. "माझा पाव्हलोव्हा!"

डेसने खिशातला चष्मा लावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बारा अंड्यांचा पांढरा बलक साखरेत फेटून भाजलेला कुरकुरीत पाव्हलोव्हा केक! चार वाजेपर्यंत गावच्या कृषी प्रदर्शनात द्यायचा होता. तीन वर्षं पहिला नंबर शेजारच्या ग्लेनिसचा. तीन वर्षं नोरीन दातओठ खात तिचं अभिनंदन करत होती. आता घरात एक अंडं नव्हतं आणि घड्याळात तीन वाजले होते.

"बाहेर हो!" नोरीन एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

टिली मात्र हलली नाही. "आजी, पाव्हलोव्हा मोडलाय. पण चंद्र चांगला आहे की!"

नोरीनने एकदा चंद्राकडे, एकदा खिडकीकडे बघितलं आणि पदर खोचल्यासारखा एप्रन आवळला. दगड निघाले. डाव्या बाजूला साय, उजव्या बाजूला किसलेलं काळं चॉकलेट. खड्डे तसेच ठेवले.

प्रदर्शनात परीक्षकबाई अठरा गुळगुळीत पाव्हलोव्ह्यांपुढून जांभया देत आल्या आणि नोरीनच्या ताटापाशी थबकल्या. तंबूबाहेर गेल्या, वर बघितलं, परत आल्या. "अगदी आपलाच चंद्र! खड्ड्यांसकट! पहिला नंबर!"

पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. नोरीनने पहिल्या नंबरची निळी फीत छातीवर लावली आणि भर गर्दीत डेसला मिठी मारली. डेसची मान अशी ताठ झाली, जणू चंद्र त्यानेच टांगला होता!

ग्लेनिस पडलेल्या चेहऱ्याने जवळ आली. "डेस, पुढच्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात येशील का रे चंद्र शिकवायला?"

डेस मिशीला पीळ देणार, इतक्यात नोरीन म्हणाली, "पुढच्या वर्षी कशाला? आजच घेऊन जा. घरी मला अजून साखर झाडून काढायचीय!"