अजून एक खूण

सुकुमारअण्णा कुणालाच एका झटक्यात ओळखत नाहीत. मी ऑफिसात पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझ्या गळ्यात नाव-फोटोचं कार्ड होतं. ते नीट वाचून झाल्यावर अण्णा म्हणाले, "कार्ड दिसलं गं. माणूस न्हाय दिसला अजून. कुणाच्यातली तू?" गाव, गल्ली, वडील, आजोळ, सगळं वदवून घेतलं, मग कुठं मला खुर्ची मिळाली. मी येळ्ळूरची, गप्प ऐकून घेणं आमच्या पाण्यातच नाही. पण पहिला दिवस, म्हणून मनातच म्हटलं, काय वल्ली आहे बाई हा!

या संशयाला कारण आहे. अण्णा मूळ बोरगावचे. एकदा निपाणीत राहुल पाटलाच्या लग्नाला गेले, पोटभर जेवले, आहेर द्यायला स्टेजवर चढले, तर नवरा अनोळखी! त्यांचा राहुल पाटील पलीकडच्या कार्यालयात बोहल्यावर उभा होता. आता चढलेलं उतरायचं कसं? दिला आहेर. "बाकी जेवान लई झकास हुतं," अण्णा प्रामाणिकपणे सांगतात. त्या चुकीच्या पाटलांशी आता इतका घरोबा आहे, की बारशाचंसुद्धा बोलावणं आलं.

अशा माणसाला आमच्या साहेबांनी काम काय द्यावं? बेळगावातलं आमचं ऑफिस ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं सॉफ्टवेअर बनवतं. आता तक्रारीला माणूस नाही, एआय उत्तर देतो. त्याच्या हाताशी एक टूल असतं, नाव किंवा फोन नंबर दिला की ग्राहकाची माहिती शोधून आणणारं. ते कसं वापरायचं हे त्या एआयला लिहून द्यावं लागतं. लिहायचं अण्णांनी, तपासायचं मी.

दुसऱ्या कुणी चार ओळींत उरकलं असतं. अण्णा म्हणाले, "एआय म्हंजे नवा जावई गं. हुशार हाय, पण गावात नवा. इचारायला लाजतोय आणि ठोकून देतोय." मी हसले. मग खोटी नावं भरून, निपाणीचा पाटील बनून त्याला विचारलं, माझं पार्सल कुठंय? गड्यानं बेधडक भलत्याच पाटलाच्या घराचा पत्ता मला देऊन टाकला.

"बघ," अण्णा म्हणाले, "जेवला चुकीच्या लग्नात!"

मग त्यांनी लिहिलं: एका नावाचे दोघं सापडले तर पहिला उचलू नकोस, अजून एक खूण विचार. फोन नवऱ्याच्या नावावर आणि बोलणारी बायको असेल, तर आधी कोण बोलतंय ते विचार. मी नाही नाही त्या खोड्या काढून बघितल्या, पण जावई एकदाही घसरला नाही. मानलं बुवा अण्णांना!

शेवटची ओळ अशी होती: कुणीच सापडलं नाही तर 'तुमची नोंद नाही' म्हणून दार लावू नकोस. माणूस खराच असतो. अजून एक खूण विचार.

"ही काढा," साहेब म्हणाले. "नोंद नाही म्हणायचं, विषय संपला."

कधी आवाज न चढवणारे अण्णा ताडकन उठले. "साहेब, बाकी सगळं कापा. ह्ये ऱ्हाऊ दे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तपासणी तुझी. ओळ लागते का नाही, संध्याकाळपर्यंत तूच सांग."

आणि साडेचारला अण्णा पिशवी घेऊन पळाले. रोजच पळतात. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, हे आम्हाला ठाऊक. तरी "अण्णा, भूक लागली काय?" म्हणून चिडवायचं ते चिडवायचंच. त्या दिवशी त्यांचा चष्मा टेबलावर राहिला, म्हणून तो घेऊन मी बेळगावातच खासबाग भागात त्यांच्या घरी गेले.

अण्णा दाराबाहेर उभे. उंबऱ्यात त्यांची म्हातारी आई वाट अडवून बसलेली.

"कुणाच्यातला रं तू?"

"बोरगावचा."

"बोरगावात कुणाच्यातला?"

"मगदुमाच्यातला."

"मगदूम ढीगभर हाईत."

अण्णा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "घरात आमी दोघंच. दिवसा शेजारच्या काकू असत्यात. पण जेवान म्या वाढायचं, आणि वळख पटल्याबिगर माझ्या हातचं खात न्हाय गं ती. दिवस मावळला की पाणी बी घेत न्हाय. काल तशीच उपाशी निजली."

समोरच्या भिंतीवर उन्हाची एक पट्टी तेवढी उरली होती. इतकी वर्षं हा माणूस रोज ओळख पटवायला पळत होता!

अण्णा पायरीवर बसले. चिडले नाहीत, 'अगं मीच की' म्हणून ओरडलेसुद्धा नाहीत. "काशीआक्काच्या पोटचा," म्हणाले. "माझ्यासाठी पदरात शेंगा बांधून आणायची मळ्यातनं."

आजी थबकली. "काशीआक्का? अरं, काशीआक्का म्हंजे मीच की!"

"व्हय."

"मग भाईर का बसलायस, मुडद्या? जेवायचं न्हाय?"

अण्णा लगबगीनं आत गेले. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "ती ओळ राहणार. न्हायतर आधी माझं नाव कापा."

आत अण्णांच्या हातचा पहिला घास तोंडात घेऊन आजीनं माझ्याकडं बघितलं. "आणि तू गं कुणाच्यातली?"

मी चप्पल काढली, पायरीवर बसले आणि येळ्ळूरपासून सुरुवात केली.