जागेवरची सायकल

"मान सरळ ठेव," फोरमन गुरगुरले.

"सरळच आहे, बाबा."

"ही सरळ? ही सरळ असेल तर आमच्या कारखान्याची चिमणी आडवी आहे म्हणायची. तो फोन खाली ठेव आधी."

मुलीने फोन खाली ठेवला नाही. फोनवर कुठल्याशा परदेशातली मालिका चालू होती. त्यात एक मुलगा भर बर्फात एका मुलीच्या दाराशी उभा होता. त्याला तिला एकच वाक्य सांगायचं होतं आणि गेले कित्येक भाग तो ते सांगत नव्हता.

"अरे बोल ना मेल्या एकदाचं!" मुलगी ओरडली. मान हलली आणि तिसरा पेड फोरमनांच्या हातातून सुटला.

"झालं! परत पहिल्यापासून!"

फोरमन बाटल्यांच्या कारखान्यात होते. हाताखाली माणसं होती आणि त्यांच्यावर ओरडायची सवय होती. बायको गेली तेव्हापासून त्यांना सगळ्याचाच राग येई. डॉक्टरांचा, गळक्या नळाचा, शेजारच्या घरातल्या हसण्याचा. एवढा राग ठेवायचा कुठे, म्हणून ते तो दिवसभर बरोबर घेऊन फिरत. मुलीची वेणी बायको घालायची. ती गेल्यावर ते काम त्यांनी कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतलं. आधी कारखान्यातल्या सुतळीवर शिकले, मग मुलीच्या डोक्यावर. केस कमरेच्या खाली पोचणारे. कुणी चांगले म्हटलं की फोरमन दरडावल्यासारखं सांगत, "तिच्या आईने वाढवलेत!" समोरच्याने पुन्हा केसांचं नाव काढायचं नाही, असा तो स्वर असे.

मुलगी कॉलेजात गेल्यापासून तिला छंद फार झाले होते. दोरीवरच्या उड्या झाल्या, त्यात हॉलमधला दिवा गेला. मग व्हिडिओ बघून योगासनं झाली. त्यात एकदा पाय मानेमागे गेला आणि तो परत आणायला समोरच्या काकूंना बोलवावं लागलं. आता व्हॉलीबॉल होता आणि हे मात्र तिला खरंच येत होतं. अडचण एकच. गेल्या आठवड्यात तिने उडी मारून चेंडू हाणला, तेव्हा चेंडू पलीकडे गेला आणि वेणी शेजारच्या मुलीच्या डोळ्यात. प्रशिक्षक बाईंनी शिट्टी फुंकून सांगितलं, "संघाच्या निवडीच्या दिवशी एक तर तू ये, नाही तर तुझी वेणी."

ही निवड आज दहा वाजता होती. मुलीने घरात काही सांगितलं नव्हतं. वेणीबद्दल बोलायचं म्हणजे आईबद्दल बोलायचं, आणि आईबद्दल बोललं की बाबा आधी चिडत आणि मग जेवत नसत. वेणीचा अंबाडा करून तो टोपीत कोंबायचा, असा तिने बेत केला होता.

वेणी झाल्यावर फोरमन आंघोळीला गेले. मुलीने जाण्याआधी अंग जरा मोकळं करायचं ठरवलं. हॉलमध्ये व्यायामाची सायकल होती. जागेवर उभी राहून कुठेही न जाणारी. तिच्यावर एरवी टॉवेल वाळत. साखळीवरचं झाकण कधीच निखळलं होतं. मुलीने सायकलच्या पायाला फोन टेकवला, कानात इयरफोनची बोंडं घातली आणि कोपरांवर शरीर तोलून ती जमिनीला समांतर झाली. वेणी खांद्यावरून पुढे घसरून चाकाशेजारी पडली.

फोरमन बाहेर आले.

"माझा निळा शर्ट कुठाय?"

मुलीचे डोळे फोनवरच होते.

"मी काय विचारतोय? मला कारखान्यात उशीर होतोय!"

मुलगी थरथरत होती. पण ती पोटाच्या स्नायूंमुळे. बर्फातल्या मुलाने आत्ताच तोंड उघडलं होतं.

"भिंतीशी बोलतोय का मी?" असं म्हणून फोरमनांनी संतापाने सायकलच्या पेडलला लाथ मारली.

ती सायकल घरात आल्यापासून एवढ्या जोरात कधी फिरली नसेल.

"आई गं!"

फोरमनांनी खाली बघितलं. वेणीचं टोक साखळीत शिरलं होतं आणि मुलीचा कान चाकाला लागला होता.

"हलू नकोस! मी उलटं फिरवतो."

"बाबा, नको, आधी बघा तरी—"

"मला मशीन शिकवतेस?"

फोरमनांनी पेडल उलटं फिरवलं. टोक अडकलेलंच राहिलं आणि वेणीचा मधला भाग खालच्या बाजूने आत गेला. आता मुलीला मान वळवायलाही जागा नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, "कात्री द्या."

"काय?"

"कात्री. मला दहा वाजता कॉलेजात पोचायचंय. निवड आहे. कापा आणि मोकळी करा."

"कात्रीचं नाव काढायचं नाही या घरात!" फोरमन इतक्या मोठ्याने ओरडले, की समोरचं दार उघडलं आणि काकू आल्या. काकूंच्या हातात कात्री होती.

"भावजी, मी ऐकलं तेवढं पुरे झालं. सरका."

"वहिनी, ती कात्री खाली ठेवा."

"मग काय सायकलसकट निवडीला पाठवणार पोरीला?"

"तेल आणा. तेलाने सुटेल."

काकू पुटपुटत गेल्या आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. फोरमनांनी ती अख्खी उपडी केली. तेल वेणीवर गेलं, साखळीवर गेलं, फरशीवर गेलं. मग त्यांनी जोर लावायला पाय रोवला आणि तो पाय थेट सोफ्याखाली निघून गेला. ते बसले. आधाराला धरलेला खटका त्यांच्या हातात आला आणि सायकलची सीट खाडकन खाली बसली.

"काकू, हसू नका," मुलगी म्हणाली. "माझं डोकं हलतंय."

"मी कुठे हसतेय? मी रडतेय," काकू पदर तोंडाला लावत म्हणाल्या.

फोरमनांनी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला फोन केला. सायकलवाला आला तोच चिडलेला. दुकानासमोर पंक्चरची रांग लावून आला होता. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली.

"हिचं पुढचं चाक कुठाय?"

"हेच आहे की."

"मग मागचं?"

"व्यायामाची आहे हो! एकाच चाकाची असते!"

"टायर नाही, ट्यूब नाही, ब्रेक नाही, आणि मला सायकल म्हणून बोलावता?" सायकलवाल्याने पाना काढला. नट गंजलेला, वर तेलाने माखलेला. पाना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा नटाचे कोपरेच गुळगुळीत झाले. साखळी तोडायचं हत्यार त्याने लावून बघितलं, ते बसेना. "ही साखळी आपल्या मापाची नाही. ग्राइंडर लावावा लागेल."

"मग आणा ग्राइंडर."

"तो दुकानाच्या भिंतीत बोल्टने बसवलाय. भिंत घेऊन येऊ का?"

"मग करायचं काय?"

"सायकल दुकानात न्यायची."

सगळ्यांनी मुलीकडे बघितलं.

"मी अशी रस्त्याने जाणार नाही," मुलगी म्हणाली. "स्पष्ट सांगते. रस्त्यात माझ्या वर्गातली मुलं असतात. बाबा, कात्री."

"पुन्हा तेच! तिकडून धरा हो तुम्ही."

फोरमनांनी सायकलचा पुढचा भाग धरला, सायकलवाल्याने मागचा. मधे मुलगी कमरेत वाकून, कान चाकाला लावून, जणू त्या चाकाचं काही गुपित ऐकत चालली होती. मागे काकू एका हातात कात्री आणि एका हातात मुलीची चप्पल घेऊन.

दार पार झालं. जिन्याच्या पहिल्या पायऱ्या पार झाल्या. वळणावर सायकलचं हँडल कठड्यात गेलं आणि पेडल भिंतीत. सायकल पुढे जाईना, मागे येईना.

"तुमची बाजू वर घ्या!" सायकलवाला ओरडला.

"तुम्ही खाली घ्या!"

"माझं डोकं मधे ठेवा!" मुलगी किंचाळली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकील जिना चढत आले. त्यांनी हे सगळं नीट बघितलं.

"सामायिक जिन्यात अडथळा निर्माण करणं—"

"गप्प बसा!" चौघंही एका सुरात म्हणाले. वकील कोर्टातसुद्धा इतके पटकन गप्प बसले नव्हते.

मुलीने भिंतीवरच्या सावलीला उद्देशून बोलावं तसं सांगितलं, कारण तिला दुसरं काही दिसत नव्हतं. "बाबा, साडेनऊ झाले असतील. वर्षभर मी यासाठी मेहनत केलीय. या एका वेणीपायी माझी निवड जाणार. ती तशीही जाणारच होती. बाई म्हणाल्यात, वेणी घेऊन येऊ नकोस."

"तुझ्या आईची आठवण आहे ती!" फोरमनांचा आवाज फाटला. "मी रोज सकाळी उठून ती घालतो ते काय हौस म्हणून? माझ्या खांद्याची काय दशा झालीय माहितीय? तुला हवीय म्हणून घालतो!"

"मला?" मुलीने मान वर करायचा प्रयत्न केला. "मला कुठे हवीय? उन्हाळ्यात पाठ भाजते, वाळायला अर्धा दिवस लागतो. तुम्हाला घालायला आवडते म्हणून मी बसते! कॉलेजातल्या कुठल्या मुलीची वेणी तिचे बाबा घालतात?"

"मला आवडते?"

"नाही?"

"अजिबात नाही! पण तुझ्या आईला आवडायची ना! तिचा जीव होता या केसांवर!"

"आईला आवडायची म्हणूनच तर मी कधी बोलले नाही!"

आता काकूंचा संयम सुटला. त्यांनी चप्पल कठड्यावर आपटली.

"काय आवडायची, काय आवडायची? दर रविवारी हिचे केस धुऊन झाले की माझ्याकडे येऊन कपाळ धरून बसायची ती! म्हणायची, वहिनी, एक दिवस ही झोपलेली असताना कापून टाकेन. माझे हात गळून जातात. पण काय करू, तिच्या बाबांना आवडतात लांब केस."

सायकलवाल्याला वजन पेलत नव्हतं, तरी त्याने सायकल तशीच धरून ठेवली.

"मला?" फोरमन हळू म्हणाले. "मला कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणाला होतात म्हणे. पोर लहान असताना. छान दिसतात म्हणून."

"छान दिसतात म्हणालो असेन. छान दिसत होते त्या दिवशी! म्हणून आयुष्यभर वाढवायचे?" फोरमन आता खरे चिडले. सकाळपासूनचा राग म्हणजे नुसतं वाफ सोडणं होतं. हा वेगळाच होता, आणि तो ज्या माणसासाठी होता ते माणूस जिन्यात नव्हतं. "हात दुखत होते तर सांगायचं! एवढी वर्षं एका घरात राहिलो. मी काय खाणार होतो तिला? भाजीत मीठ कमी पडलं तर सांगत होती, मग हे का नाही सांगितलं? वहिनी, तुम्ही तरी बोलायचं होतं!"

"ती म्हणायची, बोलू नका, ते चिडतात."

"मी चिडतो?" फोरमन इतक्या जोरात ओरडले, की खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

वकिलांनी घसा साफ केला.

फोरमनांनी हात पुढे केला. काकूंनी त्यात कात्री ठेवली. त्यांनी मुलीच्या मानेमागे बोटं घालून केस उचलले. रोज उचलत तसेच, एकही केस ओढला न जाता. मग थांबले.

"मान सरळ ठेव."

"सरळच आहे, बाबा," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज जरा भिजला.

कात्री बोथट होती, केस तेलकट होते आणि फोरमनांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळे काम काही सुबक झालं नाही. एका बाजूचे केस कानाखाली राहिले, दुसऱ्या बाजूचे कानावर. मुलगी बऱ्याच वेळाने ताठ उभी राहिली. तिने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, मग एकदा झटकली. चेहऱ्यावर तेल, गालावर साखळीचे काळे ठसे.

"कशी दिसते?"

"भयंकर," फोरमन म्हणाले. "पळ. उशीर होतोय."

काकूंच्या हातातली चप्पल घेऊन ती सायकलखालून वाकून निघाली. वकिलांना बाजूला सारून दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली. तिच्या पावलांचा आवाज रस्त्यावर पोचेपर्यंत वर कुणी हललं नाही.

"साहेब," सायकलवाला शेवटी म्हणाला, "आता ही वर न्यायची की खाली?"

"राहू दे इथंच. तुम्ही जा."

सायकलवाला गेला. वकील पोट आत ओढून भिंतीला घासत वर चढले. कोणत्या कलमाखाली दावा लावता येईल, ते पुटपुटत. फोरमनांनी हातरुमालाने सीट पुसली आणि वळणावर अडकलेल्या त्या सायकलवर चढून बसले.

"भावजी, कारखान्यात जायचं होतं ना तुम्हाला?"

"वहिनी, दर रविवारी ती तुमच्याकडे यायची?"

"दर रविवारी."

"फक्त केसांबद्दलच बोलायची?"

काकू वरच्या पायरीवर ऐसपैस बसल्या.

"तसं बरंच बोलायची. तुमच्या घोरण्यापासून सुरू करू, की थेट तुमच्या बहिणीपासून?"

फोरमनांनी दोन्ही पाय पेडलवर ठेवले.

"घोरण्यापासून," ते म्हणाले. "आणि मधलं काही गाळू नका."