सुतारांनी आवळलेला बोल्ट

मरणाच्या आदल्या सकाळी उस्ता शलबींनी आपल्या गाडीचं इंजिन उघडलं, आणि दुपारी ते पुन्हा जोडता येईना.

इजिप्तमधल्या दुमयातच्या त्या गल्लीत सगळे लाकडाच्या धंद्यातले. शलबी पलंगांवर द्राक्षांचे वेल कोरत; कसबी कारागीर म्हणून सगळे त्यांना 'उस्ता' म्हणत. इंजिनालाही ते स्वतःच हात घालत. माणसानं जोडलेलं माणसाला उघडता येतं, असं त्यांचं म्हणणं. इंजिनातली साखळी खडखडत होती आणि दुसऱ्या दिवशी मुलीला, इन्साफला, कैरोच्या विमानतळावर सोडायचं होतं. ती कुवेतच्या शाळेत शिकवायची. सुट्टी संपली होती.

"बाबा, मी टॅक्सी करते. कशाला एवढी दगदग?"

"टॅक्सीवाला तुझं विमान उडेपर्यंत थांबेल? बॅटरीचा उजेड इकडं धर नीट."

तिनं बॅटरी धरली. दरवर्षी ती टॅक्सीचं सुचवी, दरवर्षी ते धुडकावून लावत, आणि दरवर्षी तिला हायसं वाटे. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती.

नवी साखळी चढली, दातेरी चाकांवरच्या खुणा जुळल्या. साखळी ताणून धरणारा छोटा भाग तेवढा उरला होता. त्याचे बोल्ट शलबींनी बेताचे आवळले. तिथेच थांबायला हवं होतं. पण समोरून पॉलिशवाला झनाती आला.

"अल्ला बळ देवो, उस्ता! आणा इकडं, एक पीळ माझ्या हातचा."

गल्लीत चालू कामाला हात न लावता पुढं जाणं म्हणजे भांडण असल्यासारखं, आणि हात लावू न देणं म्हणजे ते भांडण मान्य केल्यासारखं. शलबींनी पाना दिला. झनातीनं एक पीळ दिला. मागोमाग गादीवाला बदीर आला. तो झनातीशी बोलत नसे, म्हणून त्यानं दोन दिले.

"अजून घेतोय बघा," तो शलबींना म्हणाला. "आधी कुणीतरी नुसताच कुरवाळलेला दिसतोय."

लाकूड करकरून 'पुरे' म्हणतं. इंजिनाचं ॲल्युमिनियम शेवटपर्यंत गप्प बसतं. बोल्ट जड गेला, मग लोण्यात शिरल्यासारखा हलका झाला आणि नुसताच गोल फिरू लागला. शलबींनी तो दोन बोटांनी बाहेर काढला. भोकातले आटे चंदेरी केसांसारखे त्याला गुंडाळून आले होते.

"माझ्या वेळेला चांगला होता," झनाती म्हणाला.

"काडेपेटीतल्या काड्या घाला, वरून सरस," बदीर म्हणाला. "आमच्या खुर्चीचा स्क्रू ढिला झाला की आम्ही तेच करतो."

"हे मात्र बरोबर आहे," झनाती म्हणाला. कित्येक वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं.

"आत गरम तेल असतं," शलबी म्हणाले.

"मग सरस जरा चांगल्यातला घ्या."

"आणि साखळी सुटली तर?" इन्साफनं विचारलं.

"तर इंजिन गेलं. आणि तुझं विमानही."

"म्हणूनच म्हणते, टॅक्सी..."

"बॅटरी धर."

शेवटी बंदरावरून फहीमला बोलावलं. तो मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करी. त्यानं साखळीच्या फटीत चिंधी कोंबली, कीस आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस फासलं आणि भोक मोठं करायला घेतलं.

"डावीकडं झुकलंय," झनाती म्हणाला आणि घरातून काटकोन तपासायचा गुण्या घेऊन आला.

"केसभर," बदीरनं गुण्यावर डोळा लावला.

"समुद्रावर असं कुणी मध्ये बोलत नाही," फहीम म्हणाला. पण ड्रिल त्यानं केसभर उजवीकडं घेतलं.

मोठ्या भोकात त्यानं नवे आटे पाडले आणि त्यांत स्प्रिंगसारखं तारेचं वेटोळं फिरवत बसवलं. आता तेच वेटोळं जुन्या बोल्टाचे आटे झालं. बोल्ट आवळून तो थांबला. बदीरचा हात पुढं आला.

"एक पीळ माझ्या..."

"तुम्ही दोघं बॉनेट लावा," शलबी घाईनं म्हणाले. दोघांनी ते इतकं जोरात लावलं की वरच्या खिडकीतली कबुतरं उडाली.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. शलबींनी हात पुसले. "पहाटे फज्रच्या नमाजानंतर निघू," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

फज्रला ते उठले नाहीत.

मातमाला खुर्च्यांची कमतरता पडली नाही. प्रत्येकानं आपापल्या बनावटीच्या आणल्या. एकाच्या खुर्च्या दुसऱ्याच्या खुर्च्यांशी जुळत नव्हत्या. मग इन्साफचा पुढं ढकललेला जायचा दिवस आला, आणि झनाती नि बदीर दारात उभे राहिले.

"माझी गाडी नवी आहे, पोरी," झनाती म्हणाला.

"गाडी नवी, पण याला कैरोचा रस्ता कुठं माहीत आहे?"

बरीच वादावादी झाल्यावर ठरलं की शलबींचीच गाडी न्यायची. जाताना झनाती चालवेल, येताना बदीर. इन्साफ चालकाशेजारच्या आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. झनातीनं किल्ली फिरवली. इंजिन संथ, एका लयीत चालू लागलं. तिनं तोंड फिरवलं.

झनाती ओशाळला. "आमच्याबरोबर अवघडत असशील तर सांग हं. टॅक्सी बोलावतो. तू दरवर्षी टॅक्सीच म्हणायचीस ना?"

मागच्या सीटवरच्या बदीरनं उतरायला दाराच्या कडीला हात घातला.

"मला टॅक्सी कधीच नको होती, काका," इन्साफ म्हणाली. मग चालकाच्या जागेकडं न बघता, पण तिथंच कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली, "मला तुम्हीच सोडायला हवे होतात, बाबा. दरवर्षी."