लिफ्टवाल्यांचं लांबलचक उत्तर

"बाबा, तुमचा ब्लॉग मी एका महिन्यात घराघरात पोचवतो!" चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा बाबा पाण्याचा ग्लास उचलत होते. त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला.

"घराघरात? का? कुणी तक्रार केली?"

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. लोकांना वर न्यायचं आणि स्वतः खड्ड्यात उतरायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. तक्रारीशिवाय आपलं नाव कुणी काढेल, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं.

ब्लॉग त्यांनी फार पूर्वी सुरू केला होता. तेव्हा ज्याला हात होते तो ब्लॉग लिहायचा. मग सोशल मीडिया आला आणि सगळं गाव रातोरात उठून तिकडे राहायला गेलं. बाबा तेवढे जुन्या जागी राहिले. बंद होणाऱ्या दारात हात घालणाऱ्या माणसांवर, आरशात बघून खोटं हसण्याचा सराव करणाऱ्या साहेबांवर, दोराला लावायच्या ग्रीसवर ते शांतपणे लिहीत राहिले. ग्रीसवरचा लेख तर तीन भागांत होता. वाचक मोजके, आणि त्यातलेही निम्मे दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर शोधताना वाट चुकून आलेले.

एक वाचक मात्र पक्का होता. जिनेवाल्या बाई!

या निवृत्त नर्स. चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि लिफ्टमध्ये जन्मात पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांनी बाबांना पहिली प्रतिक्रिया लिहिली ती अशी : "लिफ्ट म्हणजे आळशी माणसांचा जिना." बाबांनी त्यावर पानभर उत्तर दिलं. बाईंनी दोन पानं परतफेड केली. तेव्हापासून भांडण जुंपलेलं होतं आणि ते मिटवायची दोघांनाही तिळभर घाई नव्हती. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, नाव माहीत नाही. हे त्यांना 'जिनेवाल्या बाई' म्हणत, त्या यांना 'लिफ्टवाले'. आई गेल्यापासून तर बाबा कामावरून आले की हात घासून धूत, स्वच्छ शर्ट घालत आणि कॉम्प्युटरसमोर बसत.

"बाबा, शर्ट कशाला बदलता? त्या कुठे बघतायत?"

"मी बघतोय ना!"

तर अशा या जुन्या दुकानाला चिरंजीव नवा रंग काढणार होते. चिरंजीव एका गादीकंपनीचा सोशल मीडिया सांभाळायचे. गादीबद्दल कुणाला काही बोलायचं नसतं. तरीही चिरंजीवांनी हजारो माणसांना बोलतं केलं होतं. मग लिफ्ट तर काय, हलती वस्तू!

"बाबा, एवढं लांब हल्ली कुणी वाचत नाही. लोकांना वेळ नाही."

"मग दिवसभर फोनमध्ये डोकं घालून करतात काय?"

"वाचतात."

बाबांनी यावर विचार केला, पण तो कुठेच पोचेना. "बघ बाबा तूच," ते म्हणाले.

चिरंजीवांनी बघितलं. लेखांचे चटपटीत तुकडे पाडले, फोटो जोडले, नवं पान काढलं. गर्दी एकाच दारात हवी म्हणून जुन्या ब्लॉगवरची प्रतिक्रियांची जागा बंद केली आणि जिनेवाल्या बाईंना आग्रहाचं आमंत्रण देऊन नव्या पानावर आणलं. आणि हातासरशी, गाद्यांसाठी वापरायचे ते यंत्रही जोडून टाकलं. कुणी काही लिहिलं की यंत्र आपोआप उत्तर द्यायचं. उत्तरं तीन, पाळीपाळीने : "वा! मनातलं बोललात!", "आपलं प्रेम असंच राहू द्या!" आणि "हाहाहा! कहर!"

"तुम्ही नुसतं लिहा. बोलायचं मी बघतो," चिरंजीव म्हणाले.

पान धावलं. मंडळी, अक्षरशः धावलं! बाबांना मात्र त्या पानावर काही सापडेना. बाजार उठल्यावर हरवलेली चप्पल शोधावी तसे ते बोटाने पान सरकवत राहायचे.

"बाई काही म्हणाल्या का रे?"

"म्हणतायत की! छान चाललंय," चिरंजीव न बघताच सांगायचे.

शेवटी एका संध्याकाळी चिरंजीवांनी फोन बाबांच्या नाकासमोर धरला. "आकडा बघा! आहे का तुमच्या खात्यात कुणाचा एवढा?"

बाबांनी आकडा बघितला नाही. ते सावकाश खाली खाली जात राहिले आणि एके ठिकाणी थांबले. बाईंनी लिहिलं होतं :

"लिफ्टवाले, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आणलं ते दोघांनी खुर्चीत बसवून, जिन्याने. आता डॉक्टर म्हणतात, जिना कायमचा बंद. म्हणजे खाली जायचं तर त्या डब्यातून. काल दार उघडून उभी राहिले, पण आत पाय टाकवेना. परत फिरले. अशी किती दिवस वर बसून राहणार? जन्मभर तुमच्याशी भांडले, आता तुम्हालाच विचारते. आत गेल्यावर काय काय होतं, क्रमाने सांगाल? खरं सांगा. आणि कृपा करून हसू नका."

खाली यंत्राने उत्तर दिलं होतं. पाळी तिसऱ्याची होती.

"हाहाहा! कहर!"

त्यावर बऱ्याच लोकांनी अंगठेही दाखवले होते.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर बदलला नाही.

"यावर... मी हसलो?"

चिरंजीवांनी फोन मागे घेतला. "तुम्ही नाही हो बाबा. ते आपोआप..."

"नाव माझं आहे ना त्याच्यावर?"

बाबांनी शर्ट बदलला आणि उत्तर लिहायला बसले. क्रमाने, पहिल्यापासून. दार, दिवा, बटण, हिसका, आवाज, तो आवाज कशाचा, तो का चांगला. जेवण गार झालं. उत्तर झालं तेव्हा ते त्या पानाच्या चौकटीत मावेचना! अक्षरांची मर्यादा म्हणून काही असते, हे बाबांना आयुष्यात प्रथमच कळलं.

"तुकडे करा," चिरंजीव म्हणाले. "मी टाकतो एकाखाली एक."

तुकडे झाले, गेले. आणि एकाखाली एक असे मुळीच राहिले नाहीत. ज्याला जो आवडला तो उचलून जो तो घरी गेला!

"दार पूर्ण उघडू द्या. अर्धवट उघडलेल्या दारातून कुणी आत जाऊ नये." हा तुकडा प्रेमभंग झालेल्यांनी घेतला. "सुरुवातीला हिसका बसतो. वजन उचलताना तो बसायचाच." हा नवविवाहितांत लोकप्रिय झाला. पण खरा कहर वेगळाच होता. बाबांनी लिहिलं होतं, "पहिल्या वेळी एकट्या जाऊ नका. सोबतीला कुणी नसेल तर मी येतो. फार भीती वाटली तर" आणि इथे चौकट संपली होती. पुढच्या तुकड्याची सुरुवात अशी :

"डोळे मिटा आणि माझा हात धरा. बाकी मी बघतो."

हा तुकडा मावळत्या सूर्याच्या चित्रावर चढला. हंसांच्या जोडीवर चढला. दोन दिवसांत तर गादीकंपनीच्या साहेबांनी चिरंजीवांना केबिनमध्ये बोलावलं. "काय वाक्य आहे! 'डोळे मिटा!' अरे, हे आपल्या गादीला का नाही सुचलं?"

जिनेवाल्या बाईंपर्यंतही हा एकच तुकडा पोचला. शेजारणीने कौतुकाने दाखवला, हंसांसकट. बाईंनी तडक लिहिलं :

"लिफ्टवाले! आधी हसलात. आता हे! वयाचं काही भान? आपलं बोलणं इथे संपलं."

आणि मंडळी, यंत्र बंद करायचं राहूनच गेलं होतं! क्षणाचाही विलंब न लावता खाली उत्तर उमटलं :

"आपलं प्रेम असंच राहू द्या!"

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेला बाप समोर असला की निदान कुठे बघायचं ते कळतं. बाबांनी कॉम्प्युटरवर कापड घातलं, कडा नीट ओढून घेतल्या आणि म्हणाले, "एवढी वर्षं भांडलो रे. पण त्यांना राग कधी आला नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्या अजून वरच बसल्या असतील."

चिरंजीव आपल्या खोलीत गेले. यंत्र मुळापासून उपटलं. मग बाईंना खासगीत लिहायला घेतलं. सवयीने आधी हात जोडलेलं चित्र टाकलं, ते खोडलं. मग लिहिलं, "बाई, हसलो तो मी. म्हणजे माझं यंत्र. बाबांना तुमचं लिहिणं दिसलंच नव्हतं, मी दिसू दिलं नव्हतं. खाली त्यांचं अख्खं उत्तर देतो आहे. ते लांब आहे. पण ते तुमचं आहे." आणि सगळं उत्तर सलग चिकटवलं.

मग आला तो पत्ता. खाली दोन ओळी :

"वाचलं. दोनदा. वडिलांना घेऊन ये. तू आलास तरी चालेल."

दुसऱ्याच दिवशी दोघं गेले. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती. इमारतीची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. बाबांनी आधी ती वरपासून खालपर्यंत तपासली, कुठे तेल घातलं, कुठे नुसतं थोपटलं. मग चौथ्या मजल्यावर बेल वाजवली.

काठी टेकत बाई आल्या. "लिफ्टवाले?"

"हो. आणि तुम्ही जिनेवाल्या..."

"आता कसली जिनेवाली! गुडघ्याने पक्ष बदलला."

तिघं लिफ्टपाशी आले. पानंच्या पानं लिहिणारी ही माणसं, लिफ्टसमोर उभी राहून जमिनीकडे बघत होती. चिरंजीवांना वाटलं, दोघांच्या हातात फोन द्यावेत म्हणजे मोकळे होतील.

"ते हाताचं काही मनावर घेऊ नका," बाबा कानापर्यंत लाल होत म्हणाले आणि त्यांनी पिशवीचा पट्टा पुढे केला. "हे धरा. मजबूत आहे."

बाईंनी पट्टा असा धरला की शिलाई करकरली. चिरंजीव त्यांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरू लागले तसे दोघं एका सुरात म्हणाले, "तू जिन्याने ये!"

जाळी लागली. हिसका बसला. बाई ओरडल्या. चिरंजीव जिवाच्या आकांताने जिना उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावर जाळीतून दिसलं, बाईंचे डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्यावर एक डोळा उघडा. पहिल्यावर तर आवाजच ऐकू आला, "तुम्ही हिसका म्हणालात! हा चांगला धक्का होता!"

"छे, हिसकाच. धक्का म्हणजे कसा असतो ते मी..."

तळमजला आला. बाई पट्टा न सोडता बाहेर बघत राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढं लांबलचक लिहिलंत कशाला?"

"तुम्ही क्रमाने विचारलं होतंत."

बाईंनी रस्त्यावरच्या उन्हाकडे डोळे भरून पाहिलं. डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या. आणि म्हणाल्या, "परत चला. तो धक्काच होता, मी दाखवते."

चिरंजीव धापा टाकत पोचले तेव्हा जाळी लागत होती. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दर फेरीला वादाचा एखादा तुकडा कानावर पडे आणि वर निघून जाई. खाली सामानाच्या पिशव्या घेऊन माणसं जमली.

"काय हो, लिफ्ट बिघडली का?"

"नाही," पायरीवर बसलेले चिरंजीव म्हणाले. "चर्चा सुरू आहे."

ते नवं पान चिरंजीवांनी त्याच आठवड्यात बंद केलं. ब्लॉगवरची प्रतिक्रियांची जागा पुन्हा उघडली. बाबांनी मात्र एक अट घातली : आता जे काही येईल ते आधी ते स्वतः वाचणार, मगच ते ब्लॉगवर दिसणार. हिसका आणि धक्का यांतल्या फरकावर त्यांनी लेख लिहिला. त्याखाली बाईंची हरकत आली, लेखापेक्षा मोठी. ती लगेच झळकली!

चिरंजीवांनीही लिहिलं. बाबांच्या ब्लॉगवर आयुष्यातली पहिली प्रतिक्रिया. खोडून, पुन्हा लिहून, अगदी मनापासून. पाठवताच अक्षरं उमटली : "आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे."

ती प्रतीक्षेतच राहिली. एक आठवडा. दुसरा आठवडा. शेवटी जेवताना चिरंजीवांनी विषय काढला.

"बाबा, माझी प्रतिक्रिया आली का हो?"

"आली ना. कधीच."

"मग?"

"वाचतोय."

"अहो, चारच ओळी आहेत!"

"तेच तर," बाबा शांतपणे म्हणाले. "बाईंनाही दाखवली. त्या म्हणाल्या, मुलगा मनाने चांगला दिसतो. पण त्याला म्हणावं, नीट सविस्तर लिहून आण."