विहीणबाईंशी वाटाघाटी

मरीन परेडला आमच्या शेजारी राहणारे पेडणेकर काका वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आधी कच्च्या लिहितात. कागदाच्या कोपऱ्यात शेरा असतो : ‘मसुदा चौथा. गोपनीय.’

जहाजावरून निवृत्त झालेले हे चीफ इंजिनियर रोज वाचनालयात बसून जुन्या हाँगकाँगच्या सरकारी फायली वाचतात. गोरे अधिकारी तिथल्या लोकांना मताचा हक्क देण्याचे प्रस्ताव लिहायचे, चीन दुखावेल म्हणून ते पातळ करायचे, आणि शेवटी फाईल बांधून ठेवायचे. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. माझं डोकंच फिरायचं.

“काका, भित्रे होते हो ते! लोकांना हक्क द्यायला चीनची परवानगी कशाला?”

“अगं, समोरच्याचाही मान राहिला पाहिजे. शब्द तोलावा, शब्द.”

हे त्यांचं पालुपद. एका ‘लवकरच’साठी ते अख्खी दुपार घालवतात. आधी हसू येतं, मग त्या चिकाटीचं कौतुक वाटतं. माझी पत्रकं अर्ध्या तासात लिहून होतात.

एकदा त्यांनी स्वतःचीच फाईल माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या मुलीचं सासर चिनी. ती आणि जावई दिवसभर ऑफिसात. नात शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला विहीणबाईंकडे. त्यांना लिहायच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात मागणी होती : ‘नात दर शनिवारी दिवसभर माझ्याकडे राहील.’ तिसऱ्यात ‘शक्य असल्यास’ आलं. सहाव्यात ‘आपल्या सोयीने, कधीतरी, तासभर.’ नवव्यात विहीणबाईंच्या फिश सूपची स्तुती तेवढी उरली होती.

“यातली नात कुठे गेली?” मी ओरडलेच. “पहिला मसुदा घ्या. आत्ताच्या आत्ता. मी येते सोबत.”

पुंगोलच्या फ्लॅटमध्ये काकांनी तो इंग्रजी कागद दोन्ही हातांनी पुढे केला. विहीणबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. मी भांडणाच्या तयारीने खुर्चीच्या टोकावर.

“सॅटर्डे कॅनॉट,” त्या म्हणाल्या. “स्विमिंग. फ्रायडे यू टेक, स्लीप युवर हाउस, सॅटर्डे मॉर्निंग ब्रिंग बॅक. मी ऑल्सो कॅन रेस्ट, लाह.”

मागितलं त्याहून जास्त, रात्रीचा मुक्कामसुद्धा! लिफ्टमध्ये मी जवळजवळ घोषणाच देत होते.

“अगं,” काका हळूच म्हणाले, “चार वर्षांच्या मुलीला झोपवतात कसं? तिच्या आईच्या वेळी मी कायम समुद्रावर होतो.”