बसू नका, आधी खाच!

गणूभाऊ शिगवण बाईमाणसाला तिचं वजन विचारतो, हा त्याच्यावर आमच्या गावाने घेतलेला खोटा आळ आहे. तो विचारत नाही. तो सांगतो. चारचौघांत, मोठ्याने आणि किलोत.

"वयनी, बासष्ट. बसू नका, आधी खाच!"

एवढं बोलून हा गृहस्थ भर रस्त्यात मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसतो. मागे दोन बाजूंना दोन शॉकअप असतात आणि त्यांच्या स्प्रिंगखाली पाच खाचांची एक कडी. हुकाच्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग कडक नाहीतर नरम होते. एकटा माणूस असेल तर पहिली खाच, मागे कोणी बसलं की त्याच्या वजनाप्रमाणे वरची. गाडी बनवणाऱ्याने सगळ्यांनाच ही सोय दिलीय. पण दिघीपासून तळा गावापर्यंत ती वापरणारा शहाणा हा एकटाच.

तीस वर्षं भाताच्या गिरणीत वजनकाट्याशी उभा राहिल्याने याची नजरच वजनाची झाली आहे. पोतं असो की माणूस, किलोची चूक नाही. सरपंचबाईंना एकदा घाईने पंचायत समितीत जायचं होतं. त्यांना दहा मिनिटं उन्हात उभं करून हा म्हणाला, "बाई, तुम्हाला पाचवी. त्याच्या वर खाचच न्हाय." गावात लग्नाची वरात मोटारसायकलवर आली तेव्हा याने नवरा-नवरीला खाली उतरवलं आणि सासूच्या समोर नवरीचं वजन जाहीर केलं, वर "दागिने धरून" असंही म्हणाला. सासूने अजून त्याला माफ केलेलं नाही. जेट्टीवर फेरीबोट भोंगा मारत असते, मागच्या गाड्या शिव्या देत असतात आणि हा पाना घेऊन खाली बसलेला. "मागं बसलेल्याला धक्का लागता कामा नये," हे एकच पालुपद. अहो, पण सगळी दुनिया धक्के खातच बसते ना मागे!

मला स्वतःला गाडी येत नाही. पन्नाशीत शिकायची लाज वाटते. त्यामुळे माझी बायको सुनंदा पलीकडच्या वाडीतल्या अंगणवाडीत जायची ती गणूभाऊच्या मागे बसून. त्याची गिरणी त्याच वाटेवर. रोज सकाळी आमच्या दारात "वयनी, चौथी!" अशी आरोळी व्हायची आणि माझं डोकं फिरायचं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. उटणं, पणत्या, रांगोळी घेणाऱ्यांची ही गर्दी. तेवढ्या गर्दीत म्हणाला, "सुरेश, वयनी चौथीवरनं तिसरीवर आल्या व्हत्या. आता तिसरीपन कडक लागते. अकरा किलो गेलं रं. डॉक्टरला दाखव."

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या बायकोच्या अंगावर रोज नजर असते काय रे तुझी? लाज नाही वाटत? चल, नीघ!"

"नजर न्हाय रं, गाडी सांगते," एवढं पुटपुटून तो गेला. दिवाळीची सुट्टी संपली तसा मी सुनंदाला टमटमने पाठवायला लागलो. मोठा मर्द ना मी!

आणि गाव काय म्हणत होतं? "काय गं सुनंदा, कसली बारीक झालीस! काय खातेस, आम्हाला पण सांग की." माझ्या बहिणीने तर फोनवर पथ्य लिहून घेतलं. सुनंदा सगळे ब्लाऊज टीप मारून आत घ्यायला बसली होती, खुशीत होती. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? लग्नातल्यासारखी दिसतेस, असं मीच तिला म्हणालो होतो.

शिमग्याच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पोटात काय आहे ते सांगितलं. मग विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी सुनंदाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. सव्वीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गिरणीवर जाऊन गणूभाऊला विचारावं लागलं. तो पोतं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "गौरी गेल्या तवा अडुसष्ट. नवरात्रात त्रेसष्ट. दिवाळीला सत्तावन्न. पुढचं ठावं न्हाय. तू टमटमनं धाडायला लागलास."

हे मी डॉक्टरांना सांगितलं. "मग दिवाळीतच आणायचं होतं," ते म्हणाले. साधंच वाक्य. ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आता दर गुरुवारी खाडीपलीकडे मुरुडला सलाईन असतं. रिक्षात तिला मळमळतं, टमटममध्ये पोट धरून बसावं लागतं. शेवटी तीच म्हणाली, "गणूभाऊंना विचारा. हाकललंत तुम्ही, विचारायचंही तुम्हीच." गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो पाना शोधायला लागला होता.

पण पहिली खाचही तिला कडक पडली. अंगात वजनच नाही, तर स्प्रिंग दबणार कशी? खड्डा आला की ती उडायची. मग या गिरणीवाल्याने गाडीच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या बांधल्या. "गेलेलं वजन गाडीला तरी द्यायला लागंल," हे फक्त मला, हळू आवाजात. दर गुरुवारी निघायच्या आधी तो माझ्या घरामागे येतो आणि तिचं जेवढं गेलं असेल तेवढा तांदूळ पिशव्यांत वाढवतो. लोक विचारतात, "काय गणूभाऊ, रेशन वाटायला निघालास काय?" मीही एके काळी तेच विचारलं असतं.

गेल्या गुरुवारी सुनंदा पायरीवर बसली होती. तो आला तसं तिने विचारलं, "गणूभाऊ, खरं सांगा. किती?"

सासूची, सरपंचबाईंची भीड न धरणारा माणूस हा. त्याने तिला नीट बघितलं.

"चव्वेचाळीस."

"गेल्या खेपेला किती होतं?"

"त्रेचाळीस. किलोभर चढलंय, वयनी."

"बघा!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "लागू पडतंय!" आणि हिरवी साडी नेसते म्हणून भिंत धरत आत गेली.

मी घरामागे गेलो. गणूभाऊने तांदळाचं पोतं सोडलं होतं.

"तोंड धर पिशवीचं."

मी धरलं. तो ओंजळीने तांदूळ टाकायला लागला. एक, दोन, तीन. त्याचा हात थांबेना. तो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

आतून सुनंदाने हाक मारली, "अहो, बोट सुटेल!"

"आलो, वयनी!" तो ओरडला.

"बास ना रे?" मी विचारलं.

"न्हाय," गणूभाऊ म्हणाला. "दुसरी पिशवी आण."